रात्री जागणार कोण?

बाळंतिणीच्या खोलीत रिकाम्या हातानं कुणी येत नाही. कुणी झबलं-टोपरं आणतं, कुणी डिंकाचे लाडू, कुणी बाळाच्या मुठीत नोट कोंबतं. ज्याला यातलं काहीच जमलेलं नसतं, तो सल्ला घेऊन येतो. लाडू आणणाऱ्या बायकाही निघताना चपला पायात सरकवता सरकवता एखादा सल्ला ठेवूनच जातात, तो भाग वेगळा. एक विचारते, "गुटी सुरू केली का?" दुसरी म्हणते, "केली असेल तर आधी बंद कर, माझ्या भाचीच्या पोराला त्यानं जुलाब लागले होते." या दोघी एकाच रिक्षातून आलेल्या असतात.

माझं माहेर धुळ्याचं, सासर चोपडा तालुक्यातलं, आणि बिऱ्हाड जळगावला. म्हणजे एक माय पांझरेकाठची आणि एक सासू तापीकाठची. आत्याबाई म्हणते मी सासूबाईंना. भरताला तेल किती सोडायचं इथपासून या दोघींचं जमत नाही, तिथे नातीच्या बाबतीत जमेल अशी आशा कुणी धरली नव्हती.

मुलगी झाली ती ऐन मे महिन्यात. आमच्याकडचा मे म्हणजे पारा ४४-४५ला टेकलेला, दुपारी नळ सोडला तर हाताला चटका बसतो, आणि लग्नाला जाणं टाळता येत नाही म्हणूनच काय ते लोक घराबाहेर पडतात. पहिलं बाळंतपण, म्हणून मी धुळ्याला. तिथे पहिली ठिणगी पडली ती पाण्यावरून. मायचं म्हणणं, लेकराला चमच्या-चमच्यानं पाणी पाज. "इतला उन्हमा मोठं मानूस तांब्या-तांब्या पानी पेस, लेकरूले काय घसा नही?" यावर काय उत्तर द्यायचं? ऐकताना पटण्यासारखंच होतं ते. डॉक्टरांनी मात्र निक्षून सांगितलं होतं की पहिले सहा महिने आईचं दूध, आणि दूधच. पाण्याचा थेंबही नको. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, आणि उन्हाळ्याच्या प्रदेशांना त्यातून सूट देत नाही.

मायला 'जागतिक' वगैरे शब्दांचं कौतुक नव्हतं. त्या संघटनेतला माणूस मे महिन्यात धुळ्याला येऊन राहिला होता का, एवढंच तिला विचारायचं होतं. मग डॉक्टरांनीच पुढच्या खेपेला तिला समोर बसवून समजावलं. आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळ आपणहून जास्त वेळा अंगावर येतं आणि त्याचं पाणी त्याला मिळतं. वरून पाणी पाजलं की चिमुकलं पोट पाण्यानंच भरतं, दूध कमी ओढलं जातं, आणि ओढलं गेलं नाही की आईलाही कमी उतरतं. पाणी जरा अस्वच्छ असलं की जुलाब. आणि पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. "तांब्याभर पाणी प्यायचंय ते हिच्या आईनं," असं म्हणून त्यांनी एक खूण सांगितली. दिवसरात्र मिळून सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले होत असतील, तर बाळाला पाणी पुरतंय असं समजा.

ही खूण मायला एकदम पटली. डॉक्टर आणि संघटना यांच्यावर तिचा विश्वास बसला असं मला वाटत नाही, पण लंगोट ही तिच्या ताब्यातली गोष्ट होती. अडचण एवढीच की धुळ्याच्या उन्हात लंगोट वाळत घालून पाठ फिरवेपर्यंत वाळतो, त्यामुळे दोरी बघून काही मोजता येईना. मग तिनं खिडकीत एक वाटी ठेवली आणि शेजारी चिंचोके. एक लंगोट बदलला की एक चिंचोका वाटीत. पहाटे आंघोळीला जायच्या आधी वाटी पालथी करून ती चिंचोके मोजायची आणि मला आकडा सांगायची, बँकेतला रोखपाल सांगतो तसा. पाण्याचा विषय त्या वाटीनं मिटवला.

कूलरचा विषय मात्र असा मिटणारा नव्हता. माय कूलरशिवाय राहूच शकत नाही, तिच्या खोलीत तो एप्रिलपासून घरघरत असतो. बारशाला आत्याबाई आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी कूलर बंद केला. बाळाला हवा लागेल. टोपरं बांधलं, झबल्यावर झबलं चढवलं, वरून दुपट्यात गुंडाळलं. मायनं तोंडानं काही म्हटलं नाही, ती विहीणबाईंना चहा टाकायला गेली आणि जाता जाता बटण दाबून गेली. अर्ध्या तासानं आत्याबाईंनी ते पुन्हा बंद केलं. संध्याकाळपर्यंत हे चाललं. बाळाच्या मानेवर घामोळं फुललं होतं, तिकडे दोघींपैकी एकीचंही लक्ष नव्हतं. खरं तर यात डॉक्टरांचं मत साधं असतं. तान्ह्या बाळाला मोठ्यांसारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता त्याला पटकन बाहेर टाकता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात गुंडाळून ठेवणंच जास्त वाईट. कूलर चालेल, थेट झोत अंगावर नको. शेवटी माझ्या भावानं कूलर उचलून मधल्या खोलीत नेला आणि दार अर्धं उघडं ठेवलं. आपलंच खरं झालं असं दोघी अजूनही सांगतात.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. मुलांवरून घरात जे वाद होतात त्यातले बरेचसे मुलांवरून नसतात. कुणाच्या घरात कुणाचा शब्द चालतो, यावरून असतात. माहेरी बारसं असेल तर सासूला आपला अधिकार दाखवायचा असतो, सासरी असेल तर आईला आपल्या लेकीची काळजी कुणी घेत नाही असं वाटायला लागतं. बाळ हे निमित्त. म्हणून मग मी सल्ला कसा आहे हे बघण्याआधी देणारं माणूस बघायला लागले. माझा प्रश्न एकच असतो, आणि तो मी मनातच विचारते: याचं जर उलटं झालं, तर रात्री जागणार कोण?

समोरच्या काकू सांगतात, पोट दुखतंय, हिंग लाव. लावते, त्यात काही जात नाही. पण त्याच काकू जेव्हा म्हणतात की हिला वरचं दूध सुरू कर, तुझं पुरत नाही, तेव्हा मला त्यांचा दहा वाजता मिटणारा दिवा दिसतो. पोटफुगीनं कळवळणारं पोर दोन वाजता खांद्यावर घेऊन अंगणात येरझारा मारायला त्या काही येणार नाहीत.

ही कसोटी लावायला सोपी वाटते, पण ती प्रामाणिकपणे लावली की आपल्यालाच अडचणीत आणते. कारण त्या हिशेबानं मायचा शब्द माझ्याइतकाच वजनदार ठरतो. त्या महिन्यात निम्म्या रात्री तिनंच काढल्या होत्या. आणि मी कामावर परत रुजू झाल्यावर दिवसभर जिच्याकडे मूल असायचं, त्या सांभाळणाऱ्या बाईंचा शब्द तर कुणाहूनही वजनदार ठरायला हवा होता. त्यांना मात्र कुणी विचारतच नव्हतं. त्यांना सूचना दिल्या जायच्या. मी द्यायचे, माय फोनवरून द्यायची, आत्याबाई आल्या की त्या द्यायच्या. एकदा मी निघायच्या घाईत असताना बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, ही डाव्या कुशीवर झोपत नाही दोन दिवस झाले. वळवली की रडते." ताप नव्हता, सर्दी किरकोळ होती. नेलं तर डावा कान आतून लाल निघाला. एवढे सल्लागार होते घरात, आणि पोरगी कुठल्या कुशीवर निजत नाही हे एकीलाच माहीत होतं.

बापाला कुणी सल्ला देत नाही, हेही जाता जाता सांगून टाकते. माझा नवरा मुलीला कडेवर घेऊन बाजारात गेला की भाजीवाल्या मावशी त्याला कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायच्या, केवढं ते कौतुक. तीच पोरगी माझ्या कडेवर असली की, "हिच्या अंगात स्वेटर का नाही?"

पुस्तकांकडे वळावं, तर तिथेही आत्याबाई आणि माय बसलेल्याच असतात, फक्त कोट घालून. जॉन वॉटसन नावाचे एक मोठे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९२८ साली आईबापांना बजावत होते की मुलांना मिठी मारू नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री निजताना कपाळावर एकदा, आणि सकाळी उठल्यावर हस्तांदोलन. हे मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या तेव्हा नातीला मांडीवर आडवी टाकून तिच्या तळपायांना तेल चोळत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "त्याले माय नव्हती का?"

वॉटसननंतर १९४६ साली अमेरिकेतलेच बालरोगतज्ज्ञ डॉक्टर स्पॉक आपलं पुस्तक घेऊन आले. त्यांनी उलटा सूर लावला: आयांनो, स्वतःवर विश्वास ठेवा, लेकराला जवळ घ्या. जगभरच्या घरांत त्यांचं ऐकलं गेलं. पण त्याच स्पॉकनी १९५०च्या दशकात सांगायला सुरुवात केली की बाळाला पालथं निजवावं, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. वाचायला किती शहाणपणाचं वाटतं. पुढे आकडे बोलायला लागले, की पालथं निजणारी बाळं झोपेत अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळाला पालथं नको, उताणं किंवा कुशीवर निजवा असं सांगितलं, १९९४पासून उताणं निजवण्याची देशभर मोहीम झाली, आणि तसे मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. आमच्याकडे झोळीत बाळ उताणंच असतं आणि झोळीबाहेरही तसंच निजवतात, खाली राईची उशी. कारण? डोकं गोल व्हावं. कारण चुकीचं, उशीचीही गरज नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि तरी निजवणं बरोबर. अशा वेळी कुणाला मार्क द्यायचे?

शेंगदाण्याची गोष्ट तर खानदेशी माणसानं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. आमच्या स्वयंपाकात दाण्याचं कूट नाही असा दिवस जात नाही, ठेचा असो, भाजी असो की उपासाची आमटी. २००० साली अमेरिकेतल्या त्याच संघटनेनं सांगितलं की ज्या मुलांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ साली तो सल्ला मागे घेतला, कारण त्यानं काही साधतंय असं दिसेना. आणि २०१५ साली लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की धोका असलेल्या मुलांना उलट पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नेमानं खायला घातले, तर पुढे अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटतं. पंधरा वर्षांत सल्ला पूर्ण फिरला. हे ऐकून आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नातीच्या हातावर मूठभर भाजलेले दाणे ठेवायला घेतले. ते मात्र मी काढून घेतले. कूट चालतं, अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनळीत अडकतो, आणि तसे अडकलेले दाणे दुर्बिणीनं काढायची वेळ आपल्याकडच्या डॉक्टरांवर वारंवार येते. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खा दाणा नको म्हणजे नको.

तर, तज्ज्ञही मत बदलतात. म्हणून तज्ज्ञ आणि शेजारच्या काकू सारख्याच, असं म्हणणारी माणसं मला भेटतात. मला ते पटत नाही. डॉक्टर चुकले तर निदान ते कधी चुकले याची तारीख सापडते. घुटीचे वळसे चुकले तर कुणाला कळतं? मायफळ, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बदाम, खारीक, एकेक सहाणेवर उगाळायचं, वळसे किती ते आजीच्या अंदाजानं. आमच्या घरात सहा महिने घुटी नव्हती, यावरून आत्याबाई माझ्यावर आठवडाभर रुसल्या होत्या. मधाचं तसंच. जळगावच्या सोन्याची आम्हाला ऐट, त्यामुळे बाळ जन्मलं की अंगठी मधात बुडवून चाटवायची हौस घरोघर. पण मधात काही वेळा अशा जंतूंचे बीजाणू असतात की ते मोठ्यांना पचून जातात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, अंग लुळं पडतं. क्वचित होतं, पण होतं. वर्षाच्या आत मध नाही, इथे मी कुणाचंही ऐकून घेतलं नाही. काजळ डोळ्यांत नाही, कारण काही काजळ-सुरम्यांत शिसं असतं. ते कानामागे तीट म्हणून लावा, हवं तर तळपायाला लावा. आत्याबाईंनी दोन्हीकडे लावलं.

बाकी जे जीवावर बेतत नाही, ते मी सोडून दिलं. दृष्ट रोज संध्याकाळी काढली जायची, मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्या की आत्याबाईंना बरं वाटायचं, आणि त्यांना बरं वाटलं की घराला बरं वाटायचं. जावळ वणीच्या गडावरच काढायचं, आणि तेही सम वर्षात नाही, यावर मी एक शब्द बोलले नाही. सप्तशृंगी ही आमच्या अर्ध्या खानदेशाची कुळदेवी, चैत्रात लोक पायी निघतात तिकडे. पोरीचे केस काही महिने डोळ्यांवर आले, एवढंच. पांगुळगाड्यावरूनही भांडण नव्हतं. गावच्या सुतारानं तीन चाकांचा लाकडी गाडा करून दिला होता, मूल त्याच्या मागे उभं राहून ढकलतं. शहरातून भेट म्हणून आलेला बसायचा वॉकर मी माळ्यावर टाकला. त्यात बसून मूल जिन्यावरून गडगडतं म्हणून कॅनडानं २००४ साली तो विकायलाच बंदी घातली आहे. दोन्हींना घरात वॉकरच म्हणतात, पण एकात मूल चालतं आणि दुसऱ्यात नुसतं घरंगळतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला सतत खटकते. हा सगळा खल ज्यांच्या घरात कूलर आहे त्यांचा आहे. आमच्या शेतात कापूस वेचायला बाया येतात, त्यातल्या एकीचं पोर निंबाच्या फांदीला बांधलेल्या साडीच्या झोळीत असतं आणि झोका द्यायला त्याची सहा-सात वर्षांची बहीण. मुलाला मागेल तेव्हा पाजा, हा सल्ला तिला ठाऊक आहे, पण वेचणीची मजुरी किलोवर मिळते. नंदुरबारकडे अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर तर कोणती पद्धत चांगली हा प्रश्न फार पुढचा, मुलाचं वजन टिकवणं हाच आधी. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांत नातवंडं आजी-आजोबांजवळ असतात, कधी आईबापांबरोबर उसाच्या फडात. या सगळ्यांकडे जाणारी एकच सल्लागार मला माहीत आहे, ती म्हणजे अंगणवाडीची ताई. अंगणवाडीची ही सरकारी योजना १९७५च्या ऑक्टोबरात सुरू झाली. गावातली ताई येताना वजनकाटा घेऊन येते, मुलाचं वजन तक्त्यावर मांडते, काय खाऊ घाल ते सांगते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन बघते की सांगितलेलं कितपत लागू पडलं. सल्ला देऊन परत विचारायला येणारं माणूस मला तरी दुसरं कुणी आठवत नाही. तिला मानधन मिळतं, पगार नाही, यावर स्वतंत्र लेख होईल.

मूल मोठं होतं तसे सल्ले कमी होतील असं वाटलं होतं. ते कमी होत नाहीत, विषय बदलतात. मुलगी बोलायला लागली तशी ती आजीशी अहिराणीत बोलायला लागली, आणि घरात नवा वाद उभा राहिला. या वेळी विरोधात खुद्द माझा नवरा. तो कॉलेजसाठी पुण्याला होता, तिथे त्याच्या बोलण्यावर मुलं हसायची. ते त्याच्या मनात इतकं खोल बसलं आहे की मुलीच्या तोंडून 'माले', 'तुले' आलं की तो अस्वस्थ होतो. शाळेचं वेगळंच. तिथल्या बाई म्हणाल्या, घरी इंग्रजीत बोला, नाहीतर मुलांचा गोंधळ होतो. गोंधळ कुणाचा होतो? पोरगी बापाशी मराठीत हट्ट करायची, शाळेत इंग्रजीत कविता म्हणायची आणि गावी गेली की चुलीपाशी बसून, "मोठी माय, माले दहा रुप्या दे ना," असं म्हणून आत्याबाईंकडून बरोबर वीस काढायची. कुठल्या भाषेत कुणाकडून काय मिळतं याचा तिचा हिशेब पक्का होता. २०११च्या जनगणनेत 'खानदेशी' या नोंदीखाली १८ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली आहेत, त्यात अहिराणी बोलणारेच बहुसंख्य. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलं आहे. नवऱ्याला मी हे आकडे सांगितले नाहीत. ज्याला हसलं गेलं आहे त्याला आकडे सांगून उपयोग नसतो. आता तो तिला थांबवत नाही, पण स्वतः अहिराणीत बोलत नाही, फक्त आईशी फोनवर बोलतो तेवढंच, आणि ते सुद्धा गॅलरीत जाऊन.

मग मार. नानांचं ठाम मत आहे की पोरांना धाक हवा, एखादी चापट हवीच. "आम्ही मार खाऊनच मोठे झालो." हे वाक्य आमच्या पिढीनं इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याला उत्तर असतं हेच विसरायला झालं. मी एकदा नानांना विचारलं, सगळ्यात जास्त मार कशासाठी खाल्ला होता? त्यांना मास्तर आठवले, छडी शेवग्याची होती हे आठवलं, पावसाळा होता हेही आठवलं. गणित कोणतं चुकलं होतं, ते काही आठवेना. शाळेत मारायला आता कायद्यानंच मनाई आहे, शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम, २००९ सालचं. घरात मात्र कायदा येत नाही. मी नानांना अमळनेरची आठवण करून देते. आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर साने गुरुजी १९२४ ते १९३० शाळेत शिकवत होते आणि शाळेचं वसतिगृह सांभाळत होते. मुलांची अंथरुणं अस्ताव्यस्त दिसली की गुरुजी ती स्वतः घडी करून ठेवायचे, असं सांगतात. मुलं ओशाळून आपोआप करायला लागायची. नाना म्हणतात, "ते गुरुजी होते. आणि तुझी पोरगी ओशाळणाऱ्यातली नाही." दोन्ही वाक्यं खरी आहेत. तरी घरात हात उचलायचा नाही हे ठरलं आहे, आणि नाना ते पाळतात. आवाज उचलतात.

आता धाकट्या जावेचा मुलगा दोन वर्षांचा व्हायचा आहे आणि तो मोबाइल समोर धरल्याशिवाय घास घेत नाही. सल्ला देणाऱ्यांच्या रांगेत या वेळी मीही आहे. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, असं भारतीय बालरोग अकादमी सांगते. दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासभर, त्याहून जास्त नाही. हे मी जावेला सांगितलं. तिनं शांतपणे ताटली माझ्या हातात दिली, "घ्या, तुम्ही भरवा." मी भरवायला बसले. पाऊण तासात खिचडीचे चार घास गेले, बाकीची माझ्या पदरावर. तिला रोज तीन वेळा हे करायचं असतं, शिवाय माणसांचा स्वयंपाक वेगळा. माझीच कसोटी मला लागू झाली, तेव्हा मी अकादमीचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याऐवजी आठवडाभर गावी राहिले आणि संध्याकाळचं भरवणं माझ्याकडे घेतलं. ओट्यावर बसवायचं, शेळी दाखवायची, ट्रॅक्टर दाखवायचा, खाल्लं तर खाल्लं. एखाद-दोन दिवस उपाशीच झोपला म्हणायला हरकत नाही. मग हळूहळू खायला लागला, पोटभर नसेल, पण मोबाइलशिवाय.

तेवढ्या जोरावर आत्याबाईंनी घरात फर्मान काढलं की जेवताना कुणीच मोबाइल घ्यायचा नाही, पोर बघतं. पहिल्याच रात्री नाना ताटावरून उठले. त्यांना जेवायच्या वेळेलाच बऱ्हाणपूरच्या लिलावाचे आणि रावेरचे केळीचे भाव मोबाइलवर येतात, आणि सकाळी घड कापायला माणसं सांगायची की नाही हे त्यावर ठरतं. आत्याबाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. नाना म्हणाले, भाव चुकला तर खाणार काय? नातू या दोघांकडे आळीपाळीनं बघत आजोबांच्या ताटातली शेव खात होता. सध्या नाना सगळ्यांच्या आधी जेवून घेतात, आत्याबाईंना ते मान्य नाही, आणि जाऊ म्हणते की यात कुणी मला एकदा तरी विचारलं का?